ट्युनिशियाची नवरी: फूता-ब्लूझा की मेलिया?

राजधानी ट्युनिसकडची नवरी फूता-ब्लूझा नेसते. फूता कमरेला गुंडाळायचा, वर अंगाबरोबर बसणारी ब्लूझा. दोन्हींवर जरतार, टिकल्या आणि मणी यांचं दाट भरतकाम असतं. असा जोड महाग पडतो, म्हणून बऱ्याच घरांत तो भाड्याने आणतात. लग्नाचे सोहळे अनेक दिवस चालतात. त्यामुळे एका रात्री हा पोशाख आणि दुसऱ्या रात्री पांढरा गाऊन, असंही सर्रास होतं.

दक्षिणेतल्या मेलियाचं सगळंच वेगळं. हे न शिवलेलं लांब वस्त्र. ते अंगाभोवती लपेटतात, खांद्यांवर चांदीच्या दोन मोठ्या पिनांनी अडकवतात आणि कमरेला पट्टा बांधतात. नऊवारी नेसणाऱ्या बाईला यातली हातोटी लगेच कळेल, कारण इथेही आकार येतो तो नेसण्यातून. त्या पिना नुसता दागिना नाहीत, त्या काढल्या तर वस्त्र उभंच राहत नाही.

डोक्यावरची बखनूग ही शाल तर मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. दक्षिणेतल्या मतमाता, ततावीन या गावांकडच्या बायका ती लोकरीत विणतात आणि नक्षी पांढऱ्या सुताने काढतात. मग अख्खी शाल रंगात बुडवतात. लोकर रंग पिते, सूत पांढरंच राहतं आणि नक्षी उमटते.

झगमगाट हवा असेल तर फूता-ब्लूझाला तोड नाही. पण विणकरणीचं कसब पाहायचं असेल, तर मी मेलिया आणि बखनूगच निवडेन.