दारव्ह्याचं दुरुस्ती दुकान: पेचकसाने चालू होणारा सीपीयू पुन्हा बटणावर आला

सव्वा महिना मी माझा सीपीयू पेचकसाने चालू केला, कारण पुढचं बटण आतल्या बोर्डाला जोडलेलंच नव्हतं. कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा कायम काढलेला. सकाळी केंद्र उघडलं की खाली वाकायचं, मदरबोर्डाच्या (आतल्या मुख्य सर्किटच्या) कोपऱ्यातल्या बटणाच्या दोन पिना शोधायच्या आणि पेचकसाचं टोक दोन्हींना एकदम टेकवायचं. पंखा फिरला की जीव भांड्यात पडायचा. समोर माणसं बसलेली, कोणाच्या हातात आधार, कोणाच्या हातात पासबुक. एक आजी रोज म्हणायच्या, "बाई, करंट लागन ना वं तुले." करंट लागत नाही, त्या पिनांवर 5 व्होल्टच्या वर काही नसतं. पण टोक घसरून भलत्याच पिनेला लागलं तर बोर्ड जाऊ शकतो, ही धास्ती मला रोज सकाळी असायची.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, एका गावात मी सेवा केंद्र चालवते. फाट्यापासून चार किलोमीटर आत. उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, पीएम किसानची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), सगळं या एकाच मशीनवर. मशीन एका मोठ्या कंपनीचं, ऑफिसमधून निघालेलं, जुनं घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय-5 प्रोसेसर, जाड पत्र्याचा उभा कॅबिनेट. मृगाच्या पहिल्याच पावसात वीज कडाडली आणि इंटरनेटच्या वायरीतून आत आली. राउटर गेला, मदरबोर्ड गेला. प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क वाचली.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात नेलं. त्यांनी एच-81 चिपसेटचा नवा बोर्ड टाकला, म्हणजे जुना प्रोसेसर आणि डीडीआर-3 रॅम तशीच वापरता आली. एसएमपीएसही, म्हणजे आतला वीज देणारा सप्लायचा डबा, बदलावा लागला. जुना सप्लाय त्या कंपनीच्याच पद्धतीचा होता: तो 12 व्होल्ट द्यायचा आणि 5 व 3.3 व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करायचा. नव्या बोर्डाला 24 पिनांचा साधा सप्लाय लागतो. इथपर्यंत मला सगळं पटलं. दोन्हीचे मिळून 4,300 रुपये दिले. बोर्डाची भोकंही कॅबिनेटच्या स्क्रूंना बरोबर जुळली.

अडलं ते पुढच्या बटणाच्या वायरीवर. "ही वायर यात बसत नाही, नवीन कॅबिनेट घ्या, 2,200," असं सांगून त्यांनी मशीन पेचकसाने चालू करून दाखवलं आणि तसंच हातात दिलं. बसत नाही म्हणजे का बसत नाही, हे मी दोनदा विचारलं. उत्तर मिळालं नाही. पेरणीच्या दिवसांत बटणाच्या दोन वायरींसाठी 2,200 रुपये माझ्याजवळ नव्हते.

त्यानंतर जे झालं ते सांगितल्याशिवाय या दुकानाची किंमत कळायची नाही. ओळखीतल्या एकाने घरी येऊन समोरचे यूएसबी तरी लावून देतो म्हटलं. यूएसबीचा प्लग वेगळा असतो आणि तो नव्या बोर्डालाही चालणारा होता. पण बोर्डावरच्या त्या पिनांशेजारी एक कपॅसिटर (वीज साठवणारा उभा भाग) आहे, प्लग त्याला अडत होता. म्हणून त्याने प्लगमधलं बुजवलेलं भोक गरम सुईने मोकळं केलं आणि प्लग एक ओळ सरकवून दाबला. मी बाजूलाच उभी होते, मला त्यातलं काही समजत नव्हतं. नंतर मी अंगठ्याचं मशीन (बोटाचा ठसा घेणारं) समोरच्या पोर्टमध्ये लावलं आणि ते गेलं. जिथे डेटाची तार यायला हवी तिथे 5 व्होल्ट आले होते. माझ्या केंद्रात ई-केवायसी अंगठ्याच्या मशीनवर होते. ज्यांच्या आधारला मोबाइल जोडलेला नाही ते ओटीपीने करू शकत नाहीत, आणि आमच्याकडे अशी म्हातारी माणसं पुष्कळ आहेत. नवं मशीन येईपर्यंत नऊ दिवस मी त्यांना परत पाठवत होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ते बुजवलेलं भोक शोभेसाठी नसतं. बोर्डावर त्या जागी पिन नसते, प्लगमध्ये त्याच जागी भोक नसतं, म्हणजे प्लग चुकीचा बसूच नये. हे मला दारव्ह्याच्या काकांनी सांगितलं.

दुकान बसस्टँडपासून पायी पाच मिनिटांवर, एका रसवंतीच्या बाजूला. पाटीवर दुकानाचं नाव नाही, नुसतं "कॉम्प्युटर, प्रिंटर, इन्व्हर्टर दुरुस्ती" लिहिलेलं. काका पन्नाशीच्या पुढचे, आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. भिंतीशी अजून दोन जुने टीव्ही उघडे पडले आहेत. मी सीपीयू गोधडीत गुंडाळून, वरून युरियाचं पोतं घालून गाडीवर नेला होता. काकांनी पोतं सोडलं, पुढची वायर हातात धरून पाहिली आणि म्हणाले, "डब्बा चांगला हाये ताई, फेकू नका. कोनती वायर कुठं जाते ते पाहा लागन. टाइम लागन." नवा कॅबिनेट विकायला त्यांच्या दुकानात होता, माझ्या डोळ्यासमोर रॅकवर. तरी हे म्हणाले.

मग त्यांनी मला बोर्ड दाखवला. नव्या बोर्डावर बटणाची जागा ठरलेली असते: दोन ओळी, 9 पिना, दहावीची जागा रिकामी. 1 आणि 3 हार्ड डिस्कच्या दिव्याला, 2 आणि 4 पॉवरच्या दिव्याला, 5 आणि 7 रीसेटला, 6 आणि 8 पॉवर बटणाला, आणि 9 वर काही लावायचं नाही. माझ्या कॅबिनेटच्या सगळ्या तारा मात्र एकाच दहा भोकांच्या प्लगमध्ये, क्रम त्या कंपनीने स्वतःचा ठेवलेला, आणि बंद भोकही वेगळ्या जागी. म्हणून बसत नव्हता. सव्वा महिन्यात मला कोणी न दिलेलं उत्तर काकांनी दोन मिनिटांत दिलं.

सुदैवाने मेलेला जुना बोर्ड मी त्याच पोत्यात टाकून नेला होता. काका तो पाहून खूश झाले. मल्टिमीटर बीपवर ठेवला (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो), एक टोक स्क्रूच्या भोकाच्या चकचकीत कडेला लावलं आणि दुसरं त्या जुन्या बोर्डाच्या एकेका पिनेवर फिरवलं. जिथे बीप वाजला ती पिन ग्राउंडची, म्हणजे मायनसची. बटणाची एक तार ग्राउंडलाच जाते, म्हणजे शोध तिथेच अर्धा झाला. मग मीटर कॅबिनेटच्या प्लगवर आणला. दोन भोकांत टोकं धरली आणि मला म्हणाले, "दाबा बटन." दाबलं की बीप, सोडलं की बंद. ती पॉवर बटणाची जोडी. तिला उलट-सुलट नसतं, कशीही लावली तरी चालते.

दिव्यांचं तसं नाही. एलईडीला प्लस-मायनस असतं. त्यासाठी मीटर डायोडवर ठेवला. एका बाजूने टोकं लावली तर पुढचा दिवा मंद पांढरा लागला, टोकं उलटी केली तर नारिंगी. एकाच दिव्यात दोन रंग. कंपनीच्या बोर्डावर बिघाड झाला की तो नारिंगी व्हायचा, हे मला तेव्हा आठवलं, वीज पडली त्या संध्याकाळी तो तसाच लागला होता. नवा बोर्ड ते काम करत नाही, म्हणून पांढरा धरला. हार्ड डिस्कचा दिवा वेगळा निघाला. उरलेल्या दोन तारा कॅबिनेटच्या पुढच्या भागातल्या तापमानाच्या सेन्सरच्या होत्या. नव्या बोर्डाला त्यांचा उपयोग नाही. काकांनी त्या कापल्या नाहीत, टोकांवर नळी चढवून बाजूला बांधल्या. रीसेटचं बटण या कॅबिनेटला मुळातच नाही, त्या दोन पिना रिकाम्या राहिल्या.

हे सगळं त्यांनी वहीच्या पानावर लिहिलं, प्लगचं चित्र काढून, तारांच्या रंगांसकट. मगच प्लगला हात लावला.

मला वाटलं होतं तारा कापून जोडतील. पण नाही. प्लगमध्ये प्रत्येक तारेच्या टोकाला पत्र्याची बारीक पिन असते आणि प्लास्टिकची एक जीभ तिला अडवून धरते. शिवणाच्या सुईने ती जीभ किंचित वर उचलली, मागून तार हलकेच ओढली की पिन सगळीच्या सगळी बाहेर. जोराने ओढायचं नाही, जीभ उचलल्यावर ती सहज येते. जोर लावला तर जीभ तुटते आणि प्लग ढिला होतो. दोन्हीकडे पिनांमधलं अंतर 2.54 मिलिमीटर, इंचाचा दहावा भाग, म्हणून काढलेल्या पिना दोन-दोन भोकांच्या छोट्या प्लगमध्ये थेट बसल्या. ना सोल्डर, ना जोड, ना टेप. जुना रिकामा प्लग आणि ते वहीचं पान त्यांनी पिशवीत घालून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून दिलं. उद्या कोणी दुसरा मेकॅनिक उघडेल तर त्याला मीटर घेऊन पुन्हा बसावं लागणार नाही.

यूएसबीकडे त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घातला. खराब केलेला प्लग काढून नवा बसवला. लाल तार 5 व्होल्टची, पांढरी आणि हिरवी डेटाच्या, काळी ग्राउंडची. पण रंगावर न जाता पोर्टच्या आतल्या पत्तीपासून प्लगच्या भोकापर्यंत प्रत्येक तार बीप वाजवून पाहिली. आणि बोर्डावर यूएसबीच्या पिनांची दुसरी जागा मोकळीच होती, अडचणीच्या कपॅसिटरपासून दूर. ती पहिल्या माणसाला दिसलीच नाही. लावून झाल्यावर सीपीयू चालू केला, पोर्टमध्ये मीटर धरला: 5.06 व्होल्ट. मग त्यांच्याकडचा एक जुना माउस लावला. तो चालला तेव्हाच माझं नवं अंगठ्याचं मशीन हातात घेतलं. मी म्हटलं, काका, इतकं कशाला. ते म्हणाले, "एक गेलं ना तुमचं. आधी मोजतो, मंग लावतो."

हेडफोनचा समोरचा जॅक त्यांनी केला नाही. त्यात तारा जास्त आणि मला त्याची गरज नाही, उगाच पैसे लावत नाही, असं सरळ सांगितलं. मला ते बरोबर वाटलं.

मजुरी 350 रुपये, यूएसबीच्या नव्या प्लगचे 60. एकूण 410.

आता जे आवडलं नाही तेही लिहिते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देतो म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. मधे मी दोनदा फोन केला, उचलला नाही. पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात केंद्र बंद ठेवणं मला परवडणारं नव्हतं, आणि हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. उशीर होणार असेल तर एक फोन करायला काय हरकत होती? शिवाय छोट्या प्लगवर त्यांनी बॉलपेनने नावं लिहिली, ती आत्ताच पुसट झाली आहेत. दुकानात बसायला जागा नाही. पाऊस आला तर रसवंतीत जाऊन उभं राहावं लागतं.

आणि प्रत्येकाने माझ्यासारखं करावं असंही नाही. कॅबिनेटचा पत्रा गंजला असेल, बटणच अडकत असेल, किंवा दोन दिवस मशीनशिवाय भागत नसेल तर नवा कॅबिनेट घेतलेला बरा. नव्या साध्या कॅबिनेटच्या वायरी सुट्या असतात, त्यावर नावं छापलेली असतात, अर्ध्या तासात लागतात. माझा पत्रा शाबूत होता, आणि बाजारातल्या स्वस्त कॅबिनेटपेक्षा तो कितीतरी जाड आहे. आमच्याकडे उंदीर फार.

काम होऊन सात आठवडे झाले. रोज सकाळी बटण दाबते, पांढरा दिवा लागतो. बाजूचा पत्रा स्क्रूने बंद आहे. नवं अंगठ्याचं मशीन समोरच्याच पोर्टमध्ये लावलेलं असतं. कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या बायांना पाच-सहा वेळा बोट ठेवावं लागतं, तेव्हा मशीन हाताशी असलं की टेबलामागे वाकावं लागत नाही.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आधी जा, तेव्हा काका एकटे असतात आणि नीट पाहतात. जुना मेलेला बोर्ड भंगारात दिला नसेल तर तोही सोबत न्या. आणि कधी देणार ते त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या.