हरवलेली तांबी मिरजेत सापडली (युरॉलॉजी हॉस्पिटलचा अनुभव)

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो बिलाच्या खिडकीसाठी. डिस्चार्जचा कागद सकाळी दहाला हातात, सोडलं दुपारी साडेतीनला. बाकी नाव ठेवायला जागा नाही.

आम्ही तासगावचे. धाकटा दोन महिन्यांचा असताना तांबी (पाळणा लांबवायची कॉपर-टी) बसवली, कुठल्या दवाखान्यात ते राहू दे. अंगावर पाजत होते तेव्हा. बसवताना जीव जाईल अशी कळ आली, तर "एवढं दुखतंच" म्हणाले. वर्षानं तपासायला गेले तर तांबीचा खाली लोंबणारा दोरा हाताला लागेना. "पाळीत पडून गेली असेल." पडताना बघितली कुणी? पण मीही गप्प घरी आले.

मग तीन वर्षं लघवीला जळजळ. गोळ्या घेतल्या की दहा दिवस बरं, पुन्हा तेच. सासूबाईंचं धन्या-जिऱ्याचं पाणी पिऊन पिऊन वीट आला. एक दिवस लघवीतून रक्त गेलं, तेव्हा ह्यांनी गाडी थेट मिरजेला काढली.

इथल्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ताई, तांबी काढली कुणी?" लगेच पोटाचा एक्स-रे. तांबीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम असतं, म्हणून ती एक्स-रेत पांढरी उमटते. माझी मूत्राशयात होती, अंगावर खडा घेऊन! हजारात एखाद-दुसरीला तांबी गर्भाशयाला भोक पाडते, पाजत्या बाईला धोका जास्त, आणि तिथून मूत्राशयात शिरणं तर फारच क्वचित, असं सरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. दुसरं टोक आतड्यात अडकलं नाही ना, यासाठी सीटी स्कॅनही केला. अडकलं असतं तर पोटातून दुर्बीण घालावी लागली असती.

माझं लघवीच्या वाटेनंच झालं. लेसरनं खडा फोडला, तांबी ओढून काढली, पोटावर एक टाका नाही. लघवीची नळी मात्र पाच दिवस, आणि त्या नळीसकट जिना उतरणं म्हणजे काय ते विचारू नका.

सिस्टरनी डबीत घालून दाखवली. आमच्या बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉईलवर खार चढतो ना, हुबेहूब तसा पिवळट थर. एका दांडीवर तांब्याची तार तेवढी उघडी. मी डबी मागून घेतली. ह्यांना ती घरात नको आहे. सध्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे.