जिनिव्हाच्या सरोवरावर शिडाची सफर: मुंबईतील एका नियोजन-सेवेचा अनुभव

पावसाळ्याचे चार महिने मुंबई बंदरात हौशी माणसाने शिडाची होडी बाहेर काढण्यात अर्थ नसतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच तेव्हा बंद असतात आणि कोळीवाडे नारळी पौर्णिमेची वाट पाहत असतात. कुलाब्याच्या पाण्यात सुकाणू धरायला शिकलेल्या आम्हा चौघांना त्यामुळे बरेच दिवस वाटत होते की, आपल्याकडे पाऊस असताना जिथे उन्हाळा असतो, अशा एखाद्या पाण्यावर आठवडाभर जावे. निवड जिनिव्हाच्या सरोवराची झाली. तिथले लोक त्याला लेमां म्हणतात. लांबी 73 किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी सुमारे 14 किलोमीटर, खोली 310 मीटर. उत्तर किनारा स्वित्झर्लंडचा, दक्षिण किनाऱ्याचा बराचसा भाग फ्रान्सचा, आणि दोन देशांची सीमा पाण्याच्या मधोमध. आखणीचे काम आम्ही दादरमधील एका लहान सहल-नियोजन संस्थेकडे सोपवले. शुल्क माणशी 8,000 रुपये. त्यात व्हिसाची कागदपत्रे, होडीचे आरक्षण आणि दिवसवार आराखडा यांचा समावेश होता.

कागदपत्रांचे काम या संस्थेने उत्तम केले, हे आधी नोंदवतो. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स हे दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने व्हिसा एकच लागतो. पण अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे मुक्काम कुठे जास्त आहे यावर ठरते, आणि मुक्काम सारखाच असेल तर पहिला प्रवेश कुठे होतो ते पाहिले जाते. आमच्या सात रात्रींपैकी पाच होडीत जाणार होत्या. होडी तर रोज बंदर बदलणार, मग रात्र कोणत्या देशात धरायची? संस्थेतील ताईंनी प्रत्येक रात्रीच्या बंदराचे नाव लिहून तक्ता केला, फ्रान्सच्या दोन आणि स्वित्झर्लंडच्या पाच रात्री मोजल्या, होडीच्या आरक्षणाचे पत्र जोडले आणि अर्ज स्वित्झर्लंडकडे केला. एकही शंका न निघता चौघांचे व्हिसा आले.

सीमाशुल्काबद्दलची त्यांची सूचनाही अचूक होती. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असला तरी युरोपीय संघात नाही. म्हणून पाण्यावर कोणी पासपोर्ट विचारला नाही, तरी सामानाचे नियम लागू राहतात. फ्रान्सच्या बाजूला किराणा स्वस्त मिळतो, परंतु स्वित्झर्लंडमध्ये माणशी 150 फ्रँकपर्यंतचाच माल करमुक्त नेता येतो (2025पूर्वी ही मर्यादा 300 होती) आणि मांस माणशी एक किलोपर्यंतच. भारतातून तूप किंवा खवा नेऊ नका, हेही त्यांनी ठळक अक्षरांत लिहून दिले होते. भाजणी, मेतकूट आणि पोहे मात्र आमच्याबरोबर आले, आणि होडीच्या दोन शेगड्यांवर सकाळची न्याहारी रोज वेळेवर झाली.

तक्रार आहे ती दोन गोष्टींबद्दल, आणि दोन्ही किरकोळ नाहीत.

पहिली परवान्याची. आमच्यापैकी दोघांकडे इथल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे. "सर, एवढे पुरेसे आहे, होडी तुम्हीच चालवू शकाल," असे आम्हाला फोनवर सांगण्यात आले. प्रत्यक्षात स्वित्झर्लंडमध्ये शिडांचे क्षेत्रफळ 15 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिथे मान्य असलेला परवाना लागतो, आणि चार माणसे झोपू शकतील अशा आमच्या नऊ मीटर लांबीच्या होडीची शिडे त्याच्या दुपटीहून मोठी होती. धक्क्यावर होडी ताब्यात घेताना हे कळले. ऐन वेळी स्थानिक कप्तान ठरवावा लागला आणि त्याचे पाच दिवसांचे मानधन आमच्या खिशातून गेले. हा नियम आगाऊ माहीत असता तर आम्ही लहान होडी घेऊन दिवसापुरते फिरलो असतो, किंवा कप्तानाचा खर्च आधीच धरला असता. ज्या संस्थेने व्हिसाच्या रात्री इतक्या काळजीने मोजल्या, तिने होडीच्या मालकाला एक प्रश्न विचारला नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

दुसरी गोष्ट अधिक मुळातली आहे. दिवसवार आराखडा एस.टी.च्या वेळापत्रकासारखा होता: पहिल्या दिवशी जिनिव्हाहून इव्ह्वार, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला निघून एव्हियाँ, मग व्हेवे, मग लोझान, पाचव्या दिवशी तीस-पस्तीस किलोमीटर कापून न्यों. प्रत्येक ठिकाणी जेवणाचे टेबल आगाऊ पैसे भरून राखलेले. त्या कागदावर वाऱ्याचा उल्लेख एकदाही नव्हता. मुंबई बंदरात आपण आधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहतो आणि मग निघण्याची वेळ ठरवतो. सरोवरात भरती-ओहोटी नसते. तिथे ते स्थान पूर्णपणे वाऱ्याचे आहे. तिथल्या वाऱ्यांना नावे आहेत, आणि ती शिकल्याखेरीज मार्ग आखता येत नाही. ईशान्येकडून येणारा बीझ थंड आणि कोरडा असतो व कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, त्यांची जोडी तिथेही आहे: दिवसा पाण्यावरून जमिनीकडे वाहणारा मंद रेबा, आणि रात्री उत्तर किनाऱ्यावरून पाण्यावर उतरणारा मोर्जे. उन्हाळ्यात हवा स्थिर असली की हेच दोन वारे हाताशी असतात आणि मधल्या वेळात शीड नुसते लोंबत राहते. आणि जुरा पर्वतावरून अचानक कोसळणारा जोरां आहे, ज्याला तिथले सगळेच घाबरून असतात.

जोरां आम्ही दुसऱ्याच दिवशी पाहिला. इव्ह्वारच्या छोट्या बंदरात जुन्या दगडी किल्ल्याखाली होडी बांधलेली होती. ऊन कडक होते, पाणी काचेसारखे सपाट. दोनला निघायचे म्हणून आम्ही दोर सोडायच्या तयारीत असताना कप्तानाने हात वर केला आणि किनाऱ्यावरच्या नारिंगी दिव्याकडे बोट दाखवले. दिवा लुकलुकत होता. त्याने घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजायला सांगितले. दहा लुकलुकी झाल्या, म्हणजे मिनिटाला 40. याचा अर्थ जोरदार वाऱ्याची सूचना. पाऊण तासाने त्याच दिव्याचा वेग वाढून मिनिटाला 90 झाला, म्हणजे वादळाचा इशारा. समोरच्या जुरावर आभाळ शाईसारखे झाले, पाण्यावर एक काळी रेघ आमच्या दिशेने सरकत आली आणि पाहता पाहता सगळ्या डोलकाठ्यांचे दोर एकदम शिट्टी घालू लागले. आम्ही जादा दोर बांधून केबिनमध्ये बसलो. एव्हियाँच्या टेबलाचे पैसे बुडाले. आराखड्याबरहुकूम निघालो असतो, तर तेव्हा आम्ही धक्क्यापासून बरेच दूर, उघड्या पाण्यात असतो.

पुढचे दिवस कप्तानाच्या सल्ल्याने गेले. पहाटेच्या मोर्जेवर निघायचे, दुपारी वारा पडला की जवळच्या बंदरात शिरायचे. लोझान वगळले, न्योंही वगळले, आणि त्याऐवजी लावोच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या द्राक्षमळ्यांखालून शियोंच्या किल्ल्यापर्यंत एक अख्खा दिवस एकाच शिडावर, मोटर न लावता, सावकाश गेलो. परतीला वारा मिळाला नाही तेव्हा मोटरवर आलो. सहलीतला सर्वांत सुंदर दिवस आराखड्यात नव्हता.

अशी सेवा घेणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारावेत: या होडीच्या शिडांचे क्षेत्रफळ किती आणि कोणता परवाना तिथे चालतो, आणि वारा प्रतिकूल असेल त्या दिवशी पर्यायी बंदर कोणते. जेवणाची टेबले आगाऊ राखू देऊ नयेत. व्हिसा आणि सीमाशुल्क यांसाठी मी याच संस्थेकडे पुन्हा जाईन.

परत आल्यावर आम्ही त्यांना सविस्तर पत्र लिहिले. त्यांनी भेटायला बोलावले, परवान्याची चूक मान्य केली आणि कप्तानाच्या मानधनाची अर्धी रक्कम परत दिली. पुढच्या उन्हाळ्यासाठी त्यांनी जो नवा कच्चा आराखडा पाठवला आहे, त्यात पाचपैकी दोन दिवसांपुढे बंदराचे नाव नाही. तिथे 'वाऱ्यानुसार' एवढेच लिहिले आहे.