राइडिंग मोअरचं ऑइल: वरून ओढायचं की खालून सोडायचं?
राइडिंग मोअरचा, म्हणजे बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राचा, ड्रेन प्लग (ऑइल सोडायचं खालचं बूच) बऱ्याचदा फ्रेमला इतका चिकटून असतो की ऑइल भांड्यात कमी, डेकवरच (पात्यांवरच्या झाकणावरच) जास्त सांडतं.

वरून ऑइल ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाला पाना लागत नाही. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा, डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) जागेतून बारीक नळी तळाला टेकेपर्यंत घाला आणि ओढा. थंड ऑइल काकवीसारखं रेंगाळतं. नळी आत वळली की तळाचं ऑइल राहतं, आणि नेमका गाळ त्यातच असतो. त्यावर मापाने नवं ओतलं की पातळी चढते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. म्हणून थोडं कमीच ओता, डिपस्टिक बघत वाढवा.

खालून सोडायचं तर ड्रेन व्हॉल्व्ह, म्हणजे तोटी, प्लगच्या जागी कायमचा बसतो. आटे आधी जुळवा: ३/८ इंची पाइप आटे बऱ्याच इंजिनांना असतात, सगळ्यांना नाही. न जुळणारा व्हॉल्व्ह जोराने पिळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, मग खर्च मोठा. नीट बसला की पुढे फक्त नळी लावून तोंड फिरवायचं. गाळही वाहून जातो.

मोअर स्वतःचा असेल तर व्हॉल्व्हच घ्यावा. फिल्टर मात्र दोन्हीकडे हातानेच काढायचा. खाली चिंधी ठेवा.