लातुरात सनमायकाचा तिरका रॅक करून घेतला, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाही, कारण खाली थोडी तक्रार पण आहे आणि मिस्त्रीमामांशी अजून काम बाकी आहे. गंजगोलाईपासून पायी पाच-सात मिनिटांवर पत्र्याचं शेड, बाहेर कायम दोन अर्धवट दिवाण उभे, आत भुशाचा वास आणि रेडिओ, ज्यांना माहितीय त्यांना कळलं असेल.

मला हवा होता पुस्तकांचा रॅक, पण साधा नाही. एत्तोरे सोत्सास म्हणून इटलीचा डिझायनर-आर्किटेक्ट होता, त्याचा १९८१ चा ‘कार्लटन’ नावाचा रॅक आहे, फोटो बघितला असेल तर विसरणार नाही. मधे चौकोन, बाजूला तिरक्या फळ्या, वर कुणीतरी हात पसरून उभं राहिल्यासारखं, खाली दोन लाल ड्रॉवर, आणि रंग म्हणाल तर पोळ्याच्या बैलावर पण एवढे नसतात. उंची-रुंदी दोन्ही सहा फुटाच्या वर. ओरिजिनल आपल्या सात पिढ्यांना परवडणार नाही, पण गंमत अशी की त्यात भारी सागवान वगैरे काही नाहीच, वरून सगळं प्लॅस्टिक लॅमिनेट, म्हणजे आपल्या भाषेत सनमायका! म्हटलं हे तर लातुरात होतंय की.

प्रिंट घेऊन गेलो. मामांनी चष्मा वर करून दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, “सर, हे मोडलेलं हाय का नवं करायचं हाय?” मी म्हणलं नवं. “मग वाकडं कामून करायलाव? सरळ करून देतो की, पैसे तेवढेच.” चहा मागवला आणि त्यांना सगळी स्टोरी सांगितली. सोत्सासचा जन्म १९१७ चा, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा, बाप पण आर्किटेक्ट, शिक्षण इटलीतल्या तोरिनोत. पुढं टाइपरायटर बनवणाऱ्या ऑलिव्हेट्टी कंपनीसाठी काम केलं, १९५९ ला आलेल्या त्यांच्या एलेआ ९००३ कॉम्प्युटरचं डिझाइन त्याचं, आणि १९६९ चा तो लालभडक व्हॅलेंटाइन टाइपरायटर पण त्याचाच, पेरी किंग या डिझायनरसोबत केलेला. टाइपरायटर म्हणलं की मामा खुलले, त्यांच्या पोरीनं टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या, त्या क्लासातल्या काळ्या-करड्या मशिनी त्यांना आठवल्या. “लाल असता तर पोरगी रोज गेली असती” म्हणाले. सोत्सासला तरी दुसरं काय म्हणायचं होतं, ऑफिसची वस्तू ऑफिससारखी रडकी कशाला पाहिजे.

पण खरी मजा सनमायकाच्या दुकानात आली, आणि पाचपैकी पूर्ण पाच मी त्या दुकानालाच देईन. मालक निवांत माणूस, मागच्या खोलीत जुना माल उभा लावून ठेवलेला, आम्ही एकेक शीट पुढं ओढत होतो आणि शेवटून तिसरी निघाली पांढऱ्यावर काळ्या वळवळणाऱ्या रेघांची, धुळीनं करडी झालेली, एक कोपरा उडालेला. मी तिथंच उभा राहिलो. सोत्सासनं १९७८ ला आबेत लामिनाती कंपनीसाठी ‘बाक्तेरियो’ म्हणून लॅमिनेटची डिझाइन केली होती, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसावेत तशी, ही तिची सख्खी नाही पण मावसबहीण नक्की. मालक म्हणाला, “हा माल हॉटेलवाले न्यायचे सर, टेबलाला, डाग दिसत नाही म्हणून. आता कोण विचारत नाही, सहाशे द्या.” आता हे ऐका, तिकडं इटलीत पण लॅमिनेट म्हणजे कॅफेचं काउंटर आणि किचन, शिष्ट लोकांच्या हॉलमधे त्याला प्रवेश नव्हता, आणि सोत्सासनं नेमकं तेच उचलून दिवाणखान्यात आणलं. डिसेंबर १९८० ला मिलानमधे पोरापोरींना घरी जमवून मेम्फिस नावाचा डिझायनरांचा ग्रुप काढला, कार्लटन त्यातलाच, पुढच्या सप्टेंबरात प्रदर्शन भरवलं आणि गुळगुळीत चांगली अभिरुची घेऊन बसलेल्यांची झोप उडवली. १९८५ ला स्वतःच बाहेर पडला, परत आर्किटेक्चरकडं. म्हणजे आपल्या चहाच्या हॉटेलातलं पोपडे निघालेलं टेबल हीच या रॅकची खरी आजी.

आता तक्रार. बारा दिवस सांगितले, लागले सत्तावीस. मधे लगीनसराई आली म्हणे. ठीक आहे, लातुरात हे गृहीत धरूनच तारीख ऐकायची असते. पण रॅक घरी आला, दोघांनी जिन्यात फिरवून-फिरवून वर चढवला, उभा केला, आणि बघतो तर डावीकडची वरची फळी सरळ! उजवी तिरकी, डावी काटकोनात. मामा म्हणाले, “गुण्या लावला तर हातच तिकडं वळंना सर.” चाळीस वर्षं ज्या माणसानं गुण्या लावून काटकोन साधला त्याला तिरकं काप म्हणणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, तरी पैसे तिरक्याचे ठरले होते! परत नेला, चार दिवसांनी आणला, आता बरोबर आहे, पण त्या जोडावर पट्टीचा सांधा दिसतो आणि फेविकॉलचा एक ओघळ राहिलाय, रोज नजर तिथंच जाते.

बाकी काम दणकट. १९ एमएमचं प्लाय, कडा नीट घासलेल्या, बोट फिरवलं तर कुठं टोचत नाही. सगळं मिळून साडेतेवीस हजार गेले. पुस्तकं कमी बसतात हे खरं, तिरक्या फळीला टेकवलेली कलंडतात, शब्दकोश ठेवला तर जागेवर राहतो, कवितासंग्रह घसरतात. कपाटासारखी साठवण पाहिजे असेल तर अजिबात करू नका, हॉल आणि जेवणाच्या जागेमधे पार्टिशन म्हणून मात्र झकास, दोन्हीकडून दिसतो.

बायकोला आवडला. आईनं पहिल्या दिवशी “हे जत्रेतून आणलं का” विचारलं. मग मी तिला सांगितलं की सोत्सास १९६१ ला भारतात येऊन गेलता, परत गेल्यावर किडनीच्या दुखण्यानं मरता मरता वाचला, कॅलिफोर्नियात उपचार झाले, आणि नंतर १९६४ ला त्यानं मातीच्या ताटांची एक मालिका केली तिचं नाव ‘शिवाला अर्पण’. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी रॅकच्या मधल्या चौकोनात औंढ्याहून आणलेला नागनाथाचा फोटो होता. तो आता तिथंच आहे, आणि खरं सांगू, त्या जंतूवाल्या सनमायकावर शोभतो.

मिस्त्रीला साडेतीन स्टार. तुम्ही गेलात तर कागदावरचं चित्र नेऊ नका, पुठ्ठ्यावर फुलसाइज कापून न्या, आणि पहिली फळी कापताना तिथं उभं रहा. खालचा डावा ड्रॉवर पावसात फुगलाय, अर्धाच उघडतो. फोन केला तर मामा म्हणाले, पोळा झाला की येतो रंधा घेऊन. कोणत्या सालचा पोळा ते मात्र सांगितलं नाही.