कापसाची गुंडी ते सिलिकॉनचा कप: नऊ महिने वापरून

आधी केमो, मागच्या उन्हाळ्यात उजवा स्तन काढला, पावसाळ्यात शेक, म्हणजे रेडिएशन. पुढचं काय, नवा स्तन करून घ्यायचा का, यावर डॉक्टरांनी सगळं समजावलं. शेक घेतलेल्या जागी इम्प्लांट (कातडीखाली घालायची कृत्रिम पिशवी) बसवलं तर भोवतीचं आवरण आवळून कडक होण्याची भीती जास्त, शिवाय ते जन्मभर पुरेलच असं नाही. पोटाची चरबी-कातडी वर आणून केलेला स्तन मऊ राहतो, पण ऑपरेशन कित्येक तासांचं आणि पोटावर आडवा व्रण. पाठीचा स्नायू वापरायचं मीच नको म्हटलं. शेतात राबणारीला खांदा लागतो. सासूबाईंचं एकच, "आते कसाले चिरफाड?" खरं सांगायचं तर मी थकले होते. म्हणून सध्या ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा कप.

त्याआधी घरचा कापूस रुमालात बांधून घालायचे. टाका ओला असताना तेच बरं, पण वजनच नाही! हात वर केला की गुंडी गळ्याशी. नणंदेने तिच्यात मोहरी भरून दिली, मग जरा बसली.

दिवाळीनंतर जळगावला कप घेतला. दुकानदाराने गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने साइज विचारली, ते अजून खुपतं. वस्तू मात्र चांगली. डावीइतकंच वजन, त्यामुळे खांदा एकीकडे झुकायचा थांबला. आतून खिसा असलेली ब्रा लागतेच. मी दोन जुन्यांना मऊ सुती खिसे शिवून घेतले, चालतात. पदराची पिन मात्र डाव्या खांद्यावरच, टोचली की कप गेला.

मे महिन्याने परीक्षा पाहिली. पारा ४५ च्या घरात, खाली घामाची धार, शेकाने नाजूक झालेली कातडी लाल. तेव्हापासून दुपारी घरात कप काढून ठेवते नि कापूस घालते. रात्री साध्या साबणाने धुवायचा, पुसायचा, त्याच्या डब्यात ठेवायचा. उन्हात वाळवायचा नाही.

परवा कानबाईच्या सणाला रोटांचा प्रसाद खाऊन फुगडी घातली. कप जागचा हलला नाही, मीच आधी दमले.

तरी अंघोळीच्या वेळी तो बाजूला ठेवावाच लागतो, तेव्हा पोटाच्या ऑपरेशनचं मनात येतं. ते वर्षांनीही करता येतं म्हणे. दिवाळीनंतरच्या तपासणीला विचारणार आहे, आणि या खेपेला एकटीच जाणार आहे.