साडेबारा टक्के देणाऱ्या मल्टीस्टेटमध्ये निवृत्तीचे पैसे ठेवावेत का?

आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर एका मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या, पतसंस्थेची शाखा आहे. नाव लिहीत नाही. अशा शाखा मराठवाड्यात आणि नगरकडे बहुतेक बाजारपेठांत दिसतात, आणि मला जे सांगायचंय ते त्या एका शाखेपुरतं नाही. मुदत ठेवीवर साडेअकरा टक्के, निवृत्त आणि ज्येष्ठांना साडेबारा. दामदुप्पट ६८ महिन्यांत. दर दारावरच लावलेत.

धाकट्या बहिणीचे मिस्टर जिल्हा परिषदेतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे मिळून २० लाख हातात आले. त्यांच्या ओळखीतलाच एक पिग्मी एजंट (रोजची छोटी बचत दारोदार गोळा करणारा) रोज घरी येऊ लागला. बहीण म्हणाली, "अण्णा, तुम्ही एकदा जाऊन बघा, मग ठरवू." मी विकास सोसायटीचा गटसचिव होतो. पीककर्जाची वसुली, थकबाकीच्या याद्या आणि ऑडिट यांतच नोकरी गेली. म्हणून दाजींना घेऊन गेलो.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. सेवा उत्तम. बसायला खुर्ची, लगेच चहा, फॉर्म तेच भरून देतात. भाजीवाल्या बायकांचा पिग्मीचा हिशेब अगदी आदराने समजावून सांगत होते. राष्ट्रीयीकृत बँकेत म्हाताऱ्या माणसाला नुसतं पासबुक भरून घ्यायला ताटकळावं लागतं, त्यामुळे लोक इकडे का वळतात ते मला पूर्ण कळतं. काउंटरवरची मुलं प्रामाणिक वाटली. गावातलीच पोरं आहेत.

मग शाखाधिकाऱ्यांना विचारलं, की साडेबारा द्यायला परवडतं कसं? "कर्ज अठरा टक्क्यांनी जातं, साहेब." कोणाला? "व्यापारी वर्गाला." सोनेतारण किती, प्लॉट तारण किती, विनातारण किती? "ते हेड ऑफिसला कळेल."

इथेच माझं मत बनायला लागलं. साडेबारा टक्के देऊन पगार, भाडं, एजंटांचं कमिशन आणि जाहिराती भागवायच्या तर कर्ज सतरा-अठराच्या खाली देताच येत नाही. ज्याच्याकडे चांगलं तारण आहे आणि धंदा बरा चालतो, त्याला बँक त्याहून बऱ्याच कमी दराने कर्ज देते. तो अठराने कशाला उचलेल? म्हणजे येणाऱ्यांत ज्यांना बँकेने परत पाठवलं तेच जास्त. किंवा मग संचालकांच्या स्वतःच्या कंपन्या. ठेवीदाराला मिळणारं व्याज शेवटी ह्या कर्जदारांच्या खिशातून येतं. ते देऊ शकले नाहीत, तर जुन्या ठेवीचं व्याज नव्या ठेवीतून द्यायची वेळ येते.

ताळेबंद मागितला तर रंगीत पत्रक मिळालं. त्यात एकूण ठेवी होत्या, शाखांचे फोटो होते. थकबाकी किती, एनपीए (वसुली अडकलेली कर्जं) किती, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेलं कर्ज किती, यातलं काहीच नव्हतं. ऑडिटचा वर्ग 'अ' असल्याचं तोंडी सांगितलं, पण अहवाल दाखवला नाही. दाजी तर सभासद होणार होते. सभासदाला वार्षिक सभेचा अहवाल द्यायला एवढी अडचण का?

विम्याचं उत्तर ऐकून मात्र मी उठलोच. 'ठेवी विमा संरक्षित' असं शाखाधिकारी म्हणाले आणि पॉलिसी काढून दाखवली. ती तिजोरीतल्या रोकडीच्या आणि तारण सोन्याच्या चोरी-आगीची होती. चोर आला तर संस्थेला भरपाई. संस्था बुडाली तर ठेवीदाराला त्यातून एक रुपया नाही. ठेवींचा खरा विमा डीआयसीजीसी ही रिझर्व्ह बँकेची कंपनी देते, आणि तो फक्त बँकांना असतो, सहकारी बँकांसकट. फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा पाच लाख आहे, त्याआधी एक लाख होती. पतसंस्था, राज्यातली असो की मल्टीस्टेट, त्यात येतच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर जाहीर इशाराही दिला होता, की काही सहकारी संस्था नावात 'बँक' लावतात, नाममात्र सभासदांकडून ठेवी घेतात, आणि त्या ठेवींना विमा नाही.

तक्रारीचंही तसंच. मल्टीस्टेटची नोंदणी केंद्रीय निबंधकांकडे, म्हणजे दिल्लीला. तालुक्याच्या ए.आर. (सहायक निबंधक) ऑफिसचा तिच्यावर अधिकार नाही. २०२३ च्या कायदा दुरुस्तीत सहकार लोकपालाची सोय झाली हे चांगलंच आहे, पण पैसे अडकलेल्या माणसाला पळापळ चुकत नाही.

मी घाबरवतोय असं कोणाला वाटलं, तर आपल्याच भागाकडे बघा. बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेटचे ठेवीदार २०२३ पासून रांगेत आहेत. बारा ते चौदा टक्के व्याज दाखवून ठेवी घेतल्या आणि दोन हजार कोटींहून जास्त रक्कम अध्यक्षांच्याच उद्योगसमूहाकडे वळवली, असा ईडीचा आरोप आहे. त्याआधी जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टीस्टेट. २०१५ मध्ये तिथे संस्था गुंडाळायला अवसायक बसला. पुढे पोलिसांनी जे आरोप ठेवले ते वाचून मला झोप लागली नाही. गरजू ठेवीदारांकडून ठेवीच्या पावत्या निम्म्याहून कमी भावाने घ्यायच्या आणि त्या पूर्ण किमतीला कर्जदाराच्या कर्जात वळत्या करायच्या. लग्नाला, दवाखान्याला पैसा हवा म्हणून लोकांनी आपली आयुष्यभराची पुंजी अशी तोडून दिली. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा एमपीआयडी कायदा १९९९ पासून आहे, मालमत्ता जप्त होतात, पण लिलाव होऊन पैसा हातात पडेपर्यंत वर्षं जातात. साठीच्या माणसाकडे तेवढी वर्षं असतात का?

बँकाही बुडतात, हे मान्य. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हची पाळी आली. पण पीएमसी पुढे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि न्यू इंडिया सारस्वत बँकेत. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीमागे विमा होता. पीएमसीत त्यावरच्या रकमेला मात्र वर्षानुवर्षांचे हप्ते पडले, म्हणून बँकेतही पाच लाखांच्या आतच राहावं. त्या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही मोजतात, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखा एकत्र धरतात.

दाजींना मी कागदावर आकडे मांडून दिले. वीस लाखांवर साडेबारा टक्क्यांनी वर्षाला अडीच लाख. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी एक लाख ६४ हजार, दर तिमाहीला ४१ हजार खात्यात. फरक ८६ हजारांचा. मुद्दल गेलं, तर ह्या जास्तीच्या ८६ हजारांतून ते परत उभं करायला २३ वर्षं लागतील. ऐकून दाजी बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पोस्टातच चला."

त्या योजनेला साठीची अट आहे, पण ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांनाही खातं उघडता येतं. निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जावं लागतं. आधी ही मुदत एकच महिना होती, २०२३ मध्ये वाढवली. पैसे मिळाल्याच्या तारखेचा कागद सोबत न्या. मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षं, आणि खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. ज्यांना याहून थोडं जास्त हवंय त्यांनी स्मॉल फायनान्स बँकांचे दर बघावेत. त्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याच्या आहेत आणि ठेवींना विमा आहे. तिथे साडेचार लाखांच्या आसपासच ठेवा, म्हणजे व्याजही मर्यादेत बसतं.

सगळ्या पतसंस्था वाईट, असं मी म्हणत नाही. आमच्या गावातल्या एका जुन्या पतसंस्थेत माझंही खातं आहे. कर्जदार ओळखीचे आहेत, थकबाकीदारांची नावं वार्षिक सभेत वाचली जातात, आणि ठेवीचा दर बँकेपेक्षा जेमतेम एक टक्का वर. तरी तिथेही मी घरखर्चापुरतंच ठेवतो.

एसटी स्टँडसमोरच्या शाखेत ज्यांचे पैसे आधीच आहेत त्यांनी घाईने मुदतीआधी तोडायला जाऊन व्याज बुडवावं असं नाही. एक छोटी पावती मुदतीला रोखीत किंवा चेकने मागून बघा. "रिन्यू करा, अर्धा टक्का वाढवून देतो" असं ऐकू आलं, तारीख पुढे ढकलली गेली, तर उरलेल्या पावत्यांसाठी त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊनच बाहेर पडा.